सोयरिकीपुरतं पाणी

तिसरीच्या वर्गात आम्हाला जिल्ह्याचा भूगोल होता. पातळसं पुस्तक, मागच्या पानावर नकाशा आणि नकाशात निळ्या शाईच्या रेघा. त्या रेघा म्हणजे नद्या. वर गोदावरी, तिच्याखाली प्रवरा, मग मुळा, तळाला भीमा. मास्तर छडीनं एकेक नदी दाखवायचे आणि आम्ही पोरं कोरड्या घशानं तिचं नाव ओरडायचो. छडी तिसगावच्या बाजूला आली की मास्तरांचा आवाज खाली यायचा. "हा कमी पावसाचा प्रदेश," एवढं म्हणून ते पुस्तक मिटायचे. त्या कोऱ्या जागेत आमची वाडी होती. पुस्तकात तिचं नाव नव्हतं, म्हणून मीही ते इथं लिहीत नाही. ज्या गावाला सरकारनं शाईचा ठिपका दिला नाही, त्याची जाहिरात मी फुकट का करू? पुढे मी त्याच विषयाची शिक्षिका झाले, तोच नकाशा भिंतीवर टांगून मुलांना नद्या दाखवल्या, आणि त्या कोऱ्या जागेवर आल्यावर माझाही आवाज खाली जायचा. सवय लागते.

खरं तर आमच्या जिल्ह्याचा भूगोल एका वाक्यात संपतो. एकीकडे पाट आहे आणि एकीकडे नाही. पाट तिथे ऊस, ऊस तिथे कारखाना, कारखाना तिथे परीटघडीचे कपडे, सभा, हारतुरे आणि फटफट्या. पाट नाही तिथे बाजरी, हुलगा आणि आम्ही. लोकसंख्येची तऱ्हा तर आणखी न्यारी. दसरा झाला की वाडीतली धडधाकट माणसं गाडीत बाजरीची पोती, कोंबड्या आणि लेकरं घालून, कोयते घेऊन उत्तरेला ऊस तोडायला निघायची ती उन्हाळ्यात परतायची. मागे उरायचे म्हातारे, आजारी आणि आमच्यासारखी मोजकी घरं, ज्यांच्याकडे जमीन जरा जास्त असल्यामुळे कोयता धरणं त्यांना कमीपणाचं वाटे. जमीन जास्त म्हणजे दगड जास्त. शिरगणतीचे मास्तर आले तेही नेमके याच दिवसांत. त्यांनी दारांवर गेरूनं आकडे घातले, कुलपं बघितली, आमच्या घरी चहा घेतला आणि ते गेले. तेव्हा आमचं गाव होतं कुठं, तर गोदावरीच्या काठी, दुसऱ्याच्या बांधावर, पाचटाच्या झोपड्यांत, म्हणजे कोप्यांत. सरकारला ते सापडलं नाही यात सरकारचा तरी काय दोष!

घरात आम्ही पाच माणसं. आजोबांना सगळे आबा म्हणत. माझे वडील म्हणजे भाऊ, आई, मी, आणि भाऊंच्या पाठचे तात्या. आजी मी जन्मायच्या आधीच गेली होती. माळवदाचं घर, दारात लिंबाचं झाड आणि झाडाखाली आमचा आड. आड कसला, खडकात खणलेली एक आशा. पावसाळा संपला की दिवाळीपर्यंत त्यात पाणी असे, नंतर पोहरा सोडला की खालून ठण्ण असा आवाज यायचा. आमच्या घराची घंटाच होती ती. तो आवाज ऐकला की आई चुंबळ डोक्यावर ठेवायची आणि घागरी घेऊन माळ उतरून ओढ्यातल्या झिऱ्याकडे जायची. झिरा म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा. वाटीनं पाणी भरायचं, पुन्हा पाझरेपर्यंत बसून राहायचं. आईच्या हातची हुलग्याची शेंगोळी अशी असत की अजून आठवण आली तरी जिभेला लसणाचा झणका जाणवतो. पण शेंगोळ्यांना रस्सा लागतो आणि रश्श्याला पाणी, म्हणून ती कधी करायची हे भुकेवर ठरत नसे, झिऱ्यावर ठरे. एरवी बाजरीची भाकरी, कारळ्याची चटणी, आणि जेवण झालं की ताट राखेनं पुसून उभं करायचं. ताट धुणं ही बागायतदारांची चैन.

दारात बैलजोडी होती, गाडी होती. खालच्या मळ्यातल्या विठोबाच्या विहिरीवर इंजिन बसलेलं होतं आणि "पायजे तेवढं पानी न्या" असं तो नेहमी म्हणायचा. पण मळा लांब. डोक्यावरून आणण्यासारखं ते अंतर नव्हतं. गाडीत पत्र्याचं टिपाड ठेवून आणता आलं असतं. आईनं हे एकदा आबांना सुचवलं होतं म्हणे. आबा म्हणाले, "बैल दमत्यात." विषय संपला. आबांचा मुक्या प्राण्यांवर फार जीव. आई बोलकी असल्यामुळे तिचा त्यात समावेश होत नसे.

तात्यांचं लग्न होत नव्हतं. माणूस सरळ, निर्व्यसनी, दिसायला बरा. बोलायचे ते फक्त बैलांशी, पण नवऱ्यामुलात हा दोष कुणी धरत नाही. दोष होता तो आडाचा. आमच्याकडे मुलीचा बाप घर बघायला येतो तेव्हा तो नवऱ्यामुलाकडे वरवर बघतो, गोठ्याकडे जरा नीट बघतो, आणि मग सहज हात मागे बांधून फिरत फिरत विहिरीपाशी जातो. इकडचं तिकडचं बोलता बोलता एक खडा आत टाकतो आणि कान देतो. डुबुक असं वाजलं तर पुढची बोलणी. नाही वाजलं तर चहा पिऊन, "कळवतो" म्हणून जातो. तात्यांना असे कळवणारे बरेच भेटले होते. कळवलं कुणीच नाही. आता लग्न जुळवणारी मंडळी मोबाईलवरच विचारतात, "बागायत किती?" खडा टाकायला कुणी येत नाही. त्यामुळे निदान चहा वाचतो.

अशात ठमाजीमामा नावाचे आबांचे लांबचे मेहुणे पुणतांब्याचं स्थळ घेऊन आले. सोयरिकी जुळवणं हा त्यांचा छंद. खरं बोलून लग्नं जुळत नाहीत आणि खोटं बोलून ती मोडत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. पुणतांब्याचे सोपानराव म्हणजे पाटाखालची जमीन, ऊस, पेरूची बाग. अशा माणसानं मुलगी आमच्याकडे द्यायची म्हणजे काहीतरी गोम असणार, हे माझ्यासारख्या दहा-अकरा वर्षांच्या पोरीलाही कळत होतं. गोम अशी, की मुलगी उलट बोलायची. एका पाहुण्यानं तिला "भाकरी येती का?" असं विचारलं, तर ती म्हणाली, "येती. तुमाला येती का?" ही गोष्ट गोदाकाठी गावोगाव झाली आणि मग सोपानरावांच्या दारात कुणी येईना. ठमाजीमामांनी तिकडे जाऊन आमच्या आडाला बारमाही पाणी लावलं, आणि इकडे येऊन मुलीला गरीब गाय केलं. दोन्हीकडची माणसं खूश.

आबा, भाऊ आणि मामा पुणतांब्याला जाऊन मुलगी बघून आले. आबा तिच्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. नदीबद्दल मात्र बोलत राहिले. मग निरोप आला, सोपानराव घर बघायला येताहेत, बरोबर त्यांची बहीण गंगूआत्या. आबांनी तो निरोप ऐकला आणि आडाच्या काठावर जाऊन बसले. बराच वेळ आत बघत होते. उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं, की आईनं मला हळूच सांगितलं, "आता काय तरी भलतंच निघनार बघ."

पाहुणे यायच्या दिवशी उजाडायच्या आत आबांनी आमची गाडी जुंपली, शेजारच्या म्हाताऱ्याची दुसरी गाडी मागून आणली, दोन्हींत टिपाडं ठेवली, आणि भाऊ अन् तात्या विठोबाच्या मळ्यातून पाण्याच्या खेपा घालू लागले. प्रत्येक खेपेचं पाणी बादल्यांनी आडात ओतलं जात होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी पुरुषांना पाणी आणताना बघत होते, आणि ते आणून विहिरीत टाकताना तर त्यानंतर कधीच बघितलं नाही. आई दारात उभी राहून बघत होती. तिच्या हातात रिकामी घागर होती. ती एवढंच म्हणाली, "एक बादली हिकडं द्या की, सैपाकाला." आबा खेकसले, "सैपाकाचं कोन बघतंय? आड बघनार हायेत त्ये!"

मग लोकसंख्येचा प्रश्न आला. गाव ओसाड, पाहुणा म्हणणार, माणसं कुठं गेली? खरं उत्तर असं होतं की तुमच्याकडेच गेलीत, पण ते देण्यासारखं नव्हतं. आबांनी उरलेले म्हातारे गोळा केले. त्यांना सांगितलं, पाहुणे ओसरीवर बसले की समोरच्या बोळातून जायचं, घरामागून वळसा घालायचा आणि पुन्हा यायचं. एकदा पटका बांधून, एकदा बोडक्यानं, एकदा शेळी घेऊन. म्हाताऱ्यांना काम आवडलं. कित्येक वर्षांत त्यांना कुणी कुठं बोलावलं नव्हतं.

सगळं यथासांग झालं, फक्त एस.टी. आली नाही. पाहुणे पुणतांब्याहून रेल्वेनं नगरला आणि तिथून तिसगावच्या गाडीनं येणार होते, आणि ती गाडी म्हणे करंजीच्या घाटात चाक काढून बसली होती. इकडे ऊन चढलं. आबा दर थोड्या वेळानं आडात डोकावत आणि दर वेळी त्यांचं तोंड आणखी उतरे. तळाच्या खडकाला भेगा होत्या. जे पावसाचं पाणी तिथं थांबलं नाही, ते टिपाडातलं कसं थांबणार? दुपारी जेवणवेळेला तळ उघडा पडला. पुन्हा खेपा घालायला वेळ नव्हता, आणि बैलही खरंच दमले होते. तेव्हा आबांनी घरातलं तांब्याचं मोठं घंगाळ काढलं. आमचा आड अरुंद. घंगाळ ठेवलं की तळ जवळजवळ झाकला जाई. कासऱ्याला धरून तात्या खाली उतरले. हो, खुद्द नवरामुलगाच, कारण भाऊ अंगानं जाड. वरून घंगाळ सोडलं, आणि आईनं सकाळी झिऱ्यावरून आणलेल्या दोन घागरी त्यात रिकाम्या झाल्या. घरात प्यायला एक तांब्या उरला. तात्या वर आले तेव्हा कोऱ्या धोतराला दोन्ही गुडघ्यांवर चिखल होता, आणि तेवढ्यात ठमाजीमामा बोळातून ओरडले, "आले, आले!"

सोपानराव उंच, संथ, डोळे अर्धे मिटलेले असे गृहस्थ होते. हसत नसत आणि घाई करत नसत. त्यांनी घर बघितलं, गोठा बघितला, तात्यांच्या गुडघ्यांकडेही बघितलं. ओसरीवर बसल्यावर बोळातून म्हातारे जायला लागले. तिसऱ्या फेरीला एकाला दम लागला आणि तो तिथंच भिंतीला टेकून बसला. शेळी एकटीच पुढे गेली.

"मानसं बरीच हायेत गावात," सोपानराव म्हणाले.

"ही तर नुसती जाग्यावरची! बाकीची रानात," आबा म्हणाले. "कामाचे दिस."

"व्हय. ऊस आसंल न्हवं तुमच्याकडं?"

आबा याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि मी परातीत उसाची कांडकी घेऊन आले. तो ऊस आठवड्यापूर्वी उत्तरेकडून परत आलेल्या एका आजारी तोडकऱ्यानं आणलेला होता. सोपानरावांनी कांडकं सोललं, सावकाश चावलं, चोयट्या नीट बाजूला ठेवल्या.

"ग्वाड हाय," ते म्हणाले. "आमच्याकडं बी आसाच येतो."

मग ते उठले. हात मागे बांधून, लिंबाकडे बघत, यंदाच्या थंडीबद्दल काहीतरी बोलत आडापाशी गेले. आबा, भाऊ, मामा मागोमाग. तात्या मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी मान खाली घातली होती. सोपानरावांनी पायाशी पडलेला एक खडा उचलला, आणि बोलता बोलता आत सोडला.

ठण्ण. खडा नेमका घंगाळाच्या काठावर बसला, आणि मग बराच वेळ घुमत राहणारा तांब्याचा नाद.

आबांनी खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, "भांडं पडलंय. थोरल्या सुनंच्या हातनं. धांदरट हाय जरा."

सोपानराव आत वाकून बघत होते. "चांगलं भांडं हाय," ते म्हणाले. "आवाजावरनं कळतंय. काढून घ्या."

आत स्वयंपाकघरात आई चुलीपुढे पदर दातात धरून बसली होती. धांदरट हे तिनं ऐकलं होतं. गंगूआत्या तिच्याजवळ पाटावर बसलेली. तिनं विचारलं, "पानी कुठनं आनता, बाई?" आईला काय सांगायचं ते आदल्या दिवशीच पढवून ठेवलेलं. "दारातनं," आई म्हणाली. आत्यानं हात पुढे केला आणि आईच्या डोक्यावरचा पदर जरा मागे सारला. चुंबळ ठेवून ठेवून टाळूवरचे केस गेलेले होते, रुपयाएवढी जागा गुळगुळीत दिसायची. आत्यानं पदर परत पुढे ओढून दिला. समोरच्या पेल्यातलं पाणी तिनं ओठ ओले होतील एवढंच घेतलं आणि पेला आईकडे सरकवला. "तू पी," म्हणाली.

संध्याकाळी निघताना सोपानराव आबांना म्हणाले, "आमाला पसंत हाय. उन्हाळ्यात उरकून टाकू."

पाहुणे दिसेनासे झाल्यावर आबा ओट्यावर जे हसत सुटले! ठमाजीमामांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. बागायतदाराला भर दुपारी फसवला, कोरड्या आडावर पोरगी आणली, असा पराक्रम त्या माळावर कुणी केला नव्हता. घंगाळ काढायला पुन्हा तात्याच उतरले. त्यातलं पाणी आईनं गाळून घेतलं आणि त्या रात्री आम्ही तेच प्यायलो.

लग्न पुणतांब्याला लागलं. गोदावरी मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. नकाशातली निळी रेघ एवढी रुंद असेल असं वाटलं नव्हतं. वऱ्हाडातल्या बायका पाण्यात उतरल्या त्या बाहेर यायला तयार होईनात. आणि जेवणाच्या पंक्तीत वाढायला कोण, तर आमच्या शेजारची सखूबाई! ऊस तोडायला गेलेली आमची अर्धी वाडी सोपानरावांच्याच बांधावर कोप्या घालून राहिली होती. आबांनी तिला बघितलं, त्यांचा चेहरा पडला, मग सावरले. परतताना म्हणाले, "बघा, आपल्या गावची मानसं! हितं ऱ्हाऊन बी तोंड उघडलं न्हाई." गावाच्या इमानानं त्यांना भरून आलं होतं.

नवी काकी घरी आली. नाव सुभद्रा. पहिल्या दिवशी तिनं आडात पोहरा सोडला, आवाज ऐकला, पोहरा वर घेतला आणि आईला म्हणाली, "चला जाऊबाई, झिरा कुठं हाय?" झिरा हा शब्द तिला कसा ठाऊक, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. दोघी माळ उतरून जायला लागल्या. काकीला सवय नव्हती. पहिल्या आठवड्यात दोन घागरी फुटल्या, मान आखडली, पायांत काटे मोडले. रात्री आई तिच्या मानेला कोमट तेल लावायची आणि दोघी हळू आवाजात काहीतरी बोलत हसायच्या. मुलगी उलट बोलते म्हणत होते, तर इथं उलट नाही न् सुलट नाही. आबा खूश. माणसं म्हणतात तेवढं काही नसतं, असं त्यांचं मत झालं.

तोपर्यंत तोडीवरची माणसं परतली होती, गाव भरलं होतं, आणि आबांना ऐकायला माणसं मिळाली होती. रोज दिवेलागणीला ओट्यावर बैठक आणि रोज तीच गोष्ट. टिपाडं, घंगाळ, म्हाताऱ्यांच्या फेऱ्या. दर वेळी सोपानराव आणखी बावळट व्हायचे आणि आबा आणखी चतुर. असंच एकदा आबा खड्याच्या प्रसंगापर्यंत आले होते आणि लोक पोट धरून हसत होते, तेव्हा काकी झिऱ्यावरून आली. डोक्यावर घागर, कमरेवर घागर. ती ओट्यापाशी थांबली. घागरी खाली ठेवल्या. पदर सारखा केला.

"मामंजी," ती म्हणाली, "माजा बाप फसला न्हाई. त्याला समदं ठावं हुतं."

तिनं बायकांच्या घोळक्याकडे बोट केलं.

"ह्या सखूबाई आमच्याच बांधावर हुत्या की. ताक न्यायला येत हुत्या. माज्या बापानंच त्यांस्नी इचारलं, तुमच्या गावाला पानी कसं हाय. त्यांनी सांगितलं, आडात टिपूस न्हाई, बाया झिऱ्यावर जात्यात. तवा बाप म्हनला, मग तितंच देऊ हिला. पानी वाहून वाहून थोबाड बंद हुईल." तिचा आवाज इथं जरा कापला. मग पुन्हा ताठ झाला. "त्यो घर बघाया आल्ता कशाला, तर आड खरंच कोरडा हाय का, त्याची खातरी कराया. तुमी उगंच दिसभर घाम गाळला."

सखूबाई बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिनं जमिनीकडे बघितलं. आपण कुणालाही फसवलेलं नाही, हा धक्का आबांना सहन होईना. मला त्या वयातही काकीच्या बापाचा असा राग आला, की तो अजून गेलेला नाही. आणि माझ्या आजोबांचाही आला, हेही इथं लिहून ठेवते.

"आन आता आयका," काकी म्हणाली. "माज्या बापाच्या एका खड्यासाटी दोन गाड्या जुंपल्या हुत्या. म्हंजी येतंय तुमाला पानी आनता. उद्यापून घरासाटी जुंपा."

"बैल दमत्यात!" आबा ओरडले.

"बैलाच्या खांद्याला पोळ्याला लोनी लावता तुमी. ह्या जाऊबाईंचं टाळकं बगा एकदा, केस ऱ्हायलं न्हाईत. त्यांस्नी कंदी काय लावलंत?"

आईनं पदर घट्ट धरला होता, पण ती तिथून हलली नाही.

"लई बोलतीस!" आबा उभे राहिले. "न्हाई पटत तर जा बापाकडं!"

"तितं कशाला जाऊ? त्यांनी तर मला गप करायलाच धाडलंय. मला माघारी जायला जागा न्हाई मामंजी, म्हनून म्या हितंच बोलनार."

तेव्हा तात्या उठले. ओट्यावरचे सगळे पुरुष त्यांच्याकडे बघायला लागले. भर बैठकीत बायको बोलली की नवऱ्यानं काय करायचं असतं, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं, आणि ते बघायला मिळणार म्हणून दोघं-तिघं सरसावून बसले. आई पुढे होऊन काकीच्या शेजारी उभी राहिली. काकी हलली नाही. तिनं फक्त डोळे मिटून घेतले होते. तात्या ओट्याची पायरी उतरले, त्या दोघींच्या जवळून गेले, आणि सरळ गोठ्यामागे गेले. तिथून ते टिपाड गडगडत घेऊन आले, उताणं करून आत बघितलं, आणि खराट्यानं घासायला बसले. आबांनी दोनदा हाक मारली. तात्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांना माणसांशी न बोलायची सवय होती, ती त्या दिवशी कामी आली.

सकाळी गाडी निघाली. तात्या पुढे धुरीवर बसलेले, मागे टिपाड, आणि गाडी बोळाबोळातून, कारण दुसरा रस्ताच नव्हता. गावातले पुरुष ओट्याओट्यावर दात घासत बसलेले. एकानं बायकोचा पखालजी म्हणून हाक मारली. दुसऱ्यानं, "तात्या, आता भाकरी बी थापा," असं सुनावून घेतलं. सगळी आळी हसली. तात्या बैलांच्या शेपट्यांकडे बघत राहिले, कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. मी गाडीमागून चालत होते, म्हणून मला दोन्ही बाजूंची दारं दिसत होती. दारांत बायका उभ्या होत्या, कुणाच्या डोक्यावर चुंबळ, कुणाच्या हातात घागर. त्यांच्यातली एकही हसत नव्हती. त्या सगळ्या आपापल्या नवऱ्यांकडे बघत होत्या.